कारखान्यातील गुरुजी

(द्वितीय वर्ष, कला)

चाकण-तळेगाव रस्त्यावरील आमचे महाळुंगे हे एके काळी निव्वळ शेतीचे गाव होते. चाकणचा संग्रामदुर्ग, तुकाराम महाराजांच्या चिंतनाने पावन झालेला भामचंद्राचा डोंगर आणि चाकणच्या बाजारातला कांदा एवढीच या परिसराची ओळख सांगितली जाई. आज ती ओळख पार बदलली आहे. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पिंपरीहून चाकणला आली आणि पुढच्याच वर्षी महिंद्रचे उत्पादन सुरू झाले. या मोठ्या कारखान्यांच्या मागोमाग त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने आले. खराबवाडी, निघोजे, सावरदरी, वासुली, भांबोली या गावांच्या शिवारांत आता पिकांपेक्षा पत्र्याच्या छपरांची दाटी अधिक आहे.

या कारखान्यांविषयी आपल्याकडे साधारणतः दोनच गोष्टी बोलल्या जातात. जमिनीला भाव काय मिळाला, ही एक. आणि कोणाच्या मुलाला आत घेतले, ही दुसरी. परंतु आत घेतलेल्या मुलाचे पुढे काय होते? काल सायंकाळी बीडहून, बिहारमधून किंवा ओडिशातून आलेला मुलगा आज सकाळच्या पाळीत यंत्रापुढे उभा राहतो, तेव्हा त्याला ते काम शिकवतो कोण? कसे शिकवतो? आणि तो नीट शिकला की नाही, हे कोण तपासतो? पदवीच्या अभ्यासक्रमातील क्षेत्र प्रकल्पाच्या निमित्ताने मी या प्रश्नाच्या मागे लागले आणि कामाच्या ठिकाणी शिकविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, हे मला प्रथमच कळले. कारखान्यात या माणसाला ‘ट्रेनर’ म्हणतात, मोठ्या कचेऱ्यांतून ‘लर्निंग अँड डेव्हलपमेंट’ असे भारदस्त नाव आहे. मी मात्र त्यांना या लेखापुरते ‘कारखान्यातील गुरुजी’ असेच म्हणणार आहे. हा व्यवसाय काय आहे, त्याची वाट कोठून जाते, त्यासाठी घरबसल्या काय वाचता-पाहता येते आणि आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

उस्तादापासून शाळेपर्यंत

हाताचे काम शिकविण्याची आपली जुनी रीत उस्तादाची होय. सुतार, लोहार, कासार यांच्या घरी मुलगा लहानपणापासून बापाच्या हाताकडे पाहत मोठा होई. पाहता पाहता हात बसे. या रीतीत उणीव एवढीच की तिला वेळ फार लागे आणि विद्या घराबाहेर किंवा जातीबाहेर सहसा जात नसे. कारखान्याला या दोन्ही गोष्टी परवडणाऱ्या नव्हत्या.

महाराष्ट्रात या बाबतीत पहिले मोठे उदाहरण किर्लोस्करवाडीचे सांगता येईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला, तेव्हा तेथे तयार कारागीर कोठून मिळणार? आसपासच्या खेड्यांतील, शाळा अर्धवट सोडलेल्या माणसांना हाताशी धरून त्यांनी ओतकाम आणि यंत्रकाम शिकविले. कारखान्याचा संस्थापक मुळात शिक्षक असणे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे घरगुती पत्र सुरू केले आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. म्हणजे मराठीतील एका नामवंत मासिकाचे मूळ कारखान्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर या कामाला सरकारी चौकट मिळाली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातील ‘आयटीआय’, निघाल्या. १९५८ साली नागपूर येथे केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. यंत्र कसे चालवावे यापेक्षा कामगाराचे हक्क, कर्तव्ये आणि संघटना यांविषयीचे शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता आणि कामगारांमधूनच ‘कामगार शिक्षक’ तयार करण्याची त्याची पद्धत होती. आज ते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. त्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ आला आणि कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेऊन त्यांना शिकविण्याची कायदेशीर जबाबदारी आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडचा पट्टा आकाराला येऊ लागला. १९६६ साली टेल्कोने सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पिंपरीला पाय रोवले. टेल्कोत शिकाऊ उमेदवार म्हणून तयार झालेली माणसे पुढे या पट्ट्यातील किती तरी कारखान्यांत गेली, काहींनी स्वतःचे छोटे कारखानेही काढले. एका ठिकाणी दिलेले शिक्षण असे गावोगाव पसरते.

चार पायऱ्या

शिकविण्याची कला सर्वांनाच जन्मतः येत नाही. उत्तम वेल्डर हा उत्तम शिक्षक असेलच असे नाही. उलट ज्याचा हात फार बसलेला असतो, त्याला आपण नेमके काय करतो हे सांगता येत नाही. हात करीत असतात, तोंड मुके असते. मग या माणसाला शिकवायला कसे शिकवावे?

या प्रश्नाचे सर्वांत व्यवस्थित उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शोधले गेले. कुशल कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी शेतमजूर, दुकानदार, गृहिणी अशी नवखी माणसे कारखान्यांत आली. त्यांना झटपट पण नीट शिकविण्यासाठी १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही सरकारी सेवा निघाली. १९४५ पर्यंत सोळा हजारांहून अधिक कारखान्यांतील सुमारे १७ लाख ५० हजार लोकांना, मुख्यतः मुकादम व पर्यवेक्षकांना, तिने शिकविण्याची रीत शिकविली. युद्धानंतर हीच रीत जपानने उचलली. आज चाकणच्या कारखान्यांत जपानी म्हणून जे शिकविले जाते, त्यातील बरेचसे मुळात येथून निघालेले आहे.

ही रीत चार पायऱ्यांची आहे. आपल्या परिसरातीलच उदाहरण घेऊ. गाडीच्या चाकाचे नट ठराविक जोराने आवळण्यासाठी एक पाना असतो, त्याला ‘टॉर्क रेंच’ म्हणतात. ठरलेला जोर झाला की त्यातून ‘टक्’ असा आवाज येतो. हे काम नवख्याला शिकवायचे आहे.

पहिली पायरी तयारीची. त्याची भीती घालवावी, तो कोठून आला, यापूर्वी काय काम केले आहे हे विचारावे, कोणते काम शिकायचे आहे ते सांगावे आणि त्याला अशा जागी उभे करावे की काम त्याला स्वतःच्या बाजूने दिसेल. समोर उभे राहिले की डावे-उजवे उलटे दिसते, ही साधी गोष्टही ध्यानात घ्यावी लागते.

दुसरी पायरी दाखविण्याची. एका वेळी एकच टप्पा दाखवावा. पहिल्यांदा नुसते काय करायचे ते. दुसऱ्यांदा त्यातील नाजूक जागा. तिसऱ्यांदा त्या नाजूक जागेचे कारण. चाकाचे नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळत जायचे, ही नाजूक जागा. ओळीने आवळले तर चाक एका बाजूने दबून वाकडे बसते, हे तिचे कारण. ‘टक्’ झाले की थांबायचे, ही दुसरी नाजूक जागा. खात्रीसाठी म्हणून आणखी एक हिसका देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परंतु बोल्ट आवळताना तो अगदी किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन्ही भागांना धरून ठेवतो. जास्त ताणला तर त्याचा ताठा कायमचा जातो, कमी ताणला तर गाडीच्या हादऱ्यांनी तो सैल होतो. हे कारण ज्याला कळले, तो दुसरा हिसका देणार नाही. ज्याला नुसतेच ‘देऊ नको’ म्हणून सांगितले, तो साहेबाची पाठ वळताच देईल.

तिसरी पायरी करून पाहण्याची. आता नवखा काम करतो आणि गुरुजी पाहतात. चूक झाली तर तेथल्या तेथे दुरुस्त करतात, म्हणजे चुकीची सवय हाताला लागत नाही. मग तेच काम तो पुन्हा करतो. या वेळी प्रत्येक नाजूक जागा आणि तिचे कारण स्वतःच्या तोंडाने बोलत करतो. चौथी पायरी सोडून देण्याची. त्याला कामावर एकटे ठेवायचे, अडचण आली तर कोणाला विचारायचे ते नाव सांगून ठेवायचे, आरंभी वरचेवर आणि मग हळूहळू कमी वेळा जाऊन पाहायचे.

या चारही पायऱ्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे: शिकणाऱ्याला काम आले नाही, तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही असे समजावे. आपल्या शाळांत सगळा दोष मुलाच्या डोक्यावर ठेवण्याची प्रथा आहे. कारखान्यातील ही शिस्त नेमकी तिच्या उलट आहे.

गुरुजींचा दिवस

आमच्या आळीत भाड्याने राहणारे एक गृहस्थ एका कारखान्यात प्रशिक्षक आहेत. ते आयटीआयमधून फिटर होऊन आले, शिकाऊ उमेदवारी केली, काही वर्षे लाईनवर काढली, मग गटप्रमुख झाले आणि तेथून प्रशिक्षण विभागात आले. शिकत असतानाच बहिःस्थ पदवी घेतली. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून या कामाचे स्वरूप असे दिसते.

सकाळी पाळी सुरू होण्यापूर्वी नव्या मुलांचा गट ‘डोजो’त जमतो. ‘डोजो’ हा शब्द जपानी आखाड्याचा. कारखान्यात डोजो म्हणजे खऱ्या लाईनपासून वेगळी ठेवलेली सरावाची खोली. तेथे आधी सुरक्षितता, मग हत्यारांची ओळख, मग व्हर्नियर कॅलिपर वाचणे. व्हर्नियरवर अनेक मुले अडतात. मुख्य पट्टीवरील ४९ मिलिमीटरच्या लांबीत सरकत्या पट्टीवर ५० भाग पाडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भाग मुख्य भागापेक्षा ०.०२ मिलिमीटरने लहान असतो आणि या बारीकशा फरकामुळेच एवढे सूक्ष्म माप घेता येते. हे दहावी नापास मुलाला समजेल असे सांगायचे म्हणजे गणित आणि भाषा दोन्ही लागतात.

खोलीच्या भिंतीवर एक मोठा तक्ता असतो, त्याला ‘स्किल मॅट्रिक्स’ म्हणतात. प्रत्येक कामगाराच्या नावासमोर प्रत्येक कामाचे एक वर्तुळ आणि त्याचे चार भाग. काम शिकतो आहे तोवर एक भाग भरायचा. कोणाच्या देखरेखीखाली करू लागला की दोन. एकट्याने करू लागला की तीन. चौथा भाग कधी भरायचा? तो दुसऱ्याला ते काम शिकवू लागला म्हणजे. कारखान्यासारख्या नफ्या-तोट्याच्या जागी कौशल्याची सर्वांत वरची पायरी शिकविण्याची मानली जाते, ही गोष्ट आपल्यासारख्या शिकणाऱ्यांनी आणि आपल्या प्राध्यापकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

दुपारनंतर गुरुजी लाईनवर फिरतात. कोणत्या जागी माल वारंवार नापास होतो, कोणाचा हात चुकतो, हे पाहतात. मग त्या एकाच मुद्द्यावर एका कागदाचा धडा तयार करतात; त्यात एक चित्र, दोन-तीन वाक्ये, योग्य काय आणि अयोग्य काय एवढेच असते. असा धडा लिहिणे हे निबंध लिहिण्यापेक्षा कठीण आहे, असे ते म्हणतात. त्यांचे धडे पाहिल्यावर मला ते पटले. एक शब्द जादा झाला तरी कोणी वाचत नाही.

प्रश्न भाषेचा आहे

येथे मी माझ्या घरातील एक उदाहरण देते. माझी आई सातवीपर्यंत शिकली. ती काही वर्षे गाड्यांच्या वायरिंगची जुळणी करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. तेथे कामाची कृती सांगणारा कागद टेबलावर चिकटवलेला असे, तो संपूर्ण इंग्रजीत. आई आणि तिच्या मैत्रिणी वायरींचे रंग आणि जोडणीच्या खाचांचे आकार ध्यानात ठेवून काम करीत. जुन्या बाईने नव्या बाईला दाखवायचे, हीच तेथील शाळा. प्रशिक्षण झाल्याच्या कागदावर मात्र पहिल्याच दिवशी सह्या घेतल्या गेल्या होत्या. वायरचा रंग बदलला, नवा नमुना आला, की पंधरा दिवस सगळ्यांना बोलणी खावी लागत. आईला काम येत नव्हते असे नाही. तिला तो कागद येत नव्हता.

आमच्या पट्ट्यात हा प्रश्न आता दुप्पट झाला आहे. एकाच लाईनवर मराठी, भोजपुरी, ओडिया आणि बंगाली बोलणारी मुले शेजारी शेजारी उभी असतात. साहेबांच्या सभा इंग्रजीत, सूचना हिंदीत आणि कागद पुन्हा इंग्रजीत. पाना, आटे, बर, डाय, जॉब, गेज असे काही शब्द सगळ्यांना समान असतात. यांच्या आधारावरच सगळा कारभार चालतो. परंतु ‘का’ या प्रश्नाचे उत्तर या शब्दांत देता येत नाही. त्यासाठी पूर्ण वाक्य लागते आणि ते ऐकणाऱ्याच्या भाषेत असावे लागते.

आणि हा ‘का’ कधी कधी बोटांच्या किमतीचा असतो. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणे असतात, ती दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागतात. हेतू हा की प्रेस खाली येत असताना दोन्ही हात बटणांवर अडकलेले असावेत, डायमध्ये राहू नयेत. ज्याला हा हेतू सांगितला गेला नाही, त्याला दुसरे बटण म्हणजे नुसता खोळंबा वाटतो. आकडा गाठायची घाई असली की तो एक बटण पट्टीने बांधून टाकतो आणि एका हाताने काम उरकू लागतो. पुढे काय होते ते आमच्या गावातील दवाखान्यांना चांगले ठाऊक आहे. प्रेस सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे यात शंका नाही; नीट शिकवणे हाही त्या जबाबदारीचाच भाग आहे. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि तो दिवस दरवर्षी राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. परंतु वर्षातून एकदा शपथ घेण्याने हे काम होणारे नाही. ते रोज सकाळी, समजेल अशा भाषेत करावे लागते.

म्हणून माझे असे मत झाले आहे की कारखान्यातील गुरुजीचे काम निम्मे यंत्राचे आणि निम्मे भाषेचे आहे. अवघड गोष्टीचे तुकडे पाडणे, त्यांचा क्रम लावणे, ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे ते ओळखून तेथून आरंभ करणे, नेमका शब्द शोधणे, भाषांतर करणे, हे सर्व आपण कला शाखेत शिकतो किंवा शिकावे अशी अपेक्षा असते. मानसशास्त्राचा विद्यार्थी सवय कशी लागते हे शिकतो, समाजशास्त्राचा विद्यार्थी स्थलांतर शिकतो, मराठीचा विद्यार्थी वाक्य शिकतो. ‘बी.ए. करून काय होणार?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला आहे. त्याचे एक उत्तर आपल्या गावाच्या वेशीवरच आहे.

या व्यवसायाची वाट

या व्यवसायात शिरण्याचे मार्ग मुख्यतः तीन दिसतात. पहिला लाईनवरून वर येण्याचा. तो वर सांगितलाच. आयटीआयनंतर शिकविण्याचे शास्त्र शिकण्यासाठी एक वर्षाचा शिल्प निदेशक अभ्यासक्रम असतो, तो केल्यास आयटीआयमध्येही शिकविता येते. दुसरा मार्ग तंत्रनिकेतनाचा. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मेकॅट्रॉनिक्सचा प्रगत पदविका अभ्यासक्रम चालविला गेला आहे आणि फोक्सवॅगनने चाकणला जर्मन दुहेरी पद्धतीच्या धर्तीवर, म्हणजे काही काळ वर्गात आणि काही काळ यंत्रावर, शिकाऊ प्रशिक्षण दिले आहे.

तिसरा मार्ग आपला, पदवीधरांचा. समाजकार्य, कर्मचारी व्यवस्थापन किंवा मानसशास्त्र यांतील पदव्युत्तर शिक्षण घेऊन मनुष्यबळ विभागातून प्रशिक्षणाकडे वळता येते. इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट ही या व्यवसायातील लोकांची संस्था १९७० साली स्थापन झाली. तिचा प्रशिक्षणशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम नोकरी करता करता पुरा करता येतो. शिवाय पूर्वी शिकाऊ उमेदवारी ही आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकीवाल्यांपुरतीच होती. २०१४ च्या दुरुस्तीने तिचे दार कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही उघडले. ही गोष्ट आपल्या महाविद्यालयात फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून येथे मुद्दाम नोंदविते. एक मात्र विसरू नये: यंत्रावर काही महिने उभे राहिल्यावाचून कामगार कोणाला गुरुजी मानीत नाहीत. मार्ग कोणताही असो, हात काळे करावेच लागतात.

उपयोगी संकेतस्थळे

पूर्वी अशा माहितीसाठी पुण्याच्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आता हातातील फोनवर बरेच काही मिळते. या क्षेत्रातील माणसे ज्यांचा उपयोग करतात आणि मला स्वतःला जी आवडली, अशी काही स्थळे सांगते.

‘एनपीटीईएल’ हा आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये आरंभिलेला उपक्रम. व्याख्याने इंग्रजीत असली तरी उत्पादनशास्त्रापासून मानसशास्त्रापर्यंत सर्व विषय आहेत. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे स्थळ २०१७ साली सुरू झाले. २०२१ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यावरील अभ्यासक्रमांतून मिळविण्याची मुभा महाविद्यालये देऊ शकतात. ‘भारत स्किल्स’वर आयटीआयच्या व्यवसायांचे अभ्यासक्रम आणि प्रश्नसंच आहेत, फिटर काय शिकतो हे कला शाखेच्या मुलाला पाहायचे असेल तर हे स्थळ उत्तम. शिकाऊ उमेदवारीच्या जागा ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ आणि पदवीधरांसाठी ‘एनएटीएस’ येथे पाहाव्यात.

मला सर्वांत आवडलेले स्थळ म्हणजे मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’. संगणकाच्या प्रणाली शिकविणारे हे धडे सुमारे दहा-दहा मिनिटांचे असून त्यांतील अनेक मराठीतही ऐकता येतात. पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला आपण तेच करून पाहायचे, अशी त्यांची योजना आहे. म्हणजे वर सांगितलेल्या चार पायऱ्यांतील दुसरी आणि तिसरी एकाच पडद्यावर आली. शेवटी दोन मराठी स्थळे: शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेल्या परिभाषा कोशांचे स्थळ आणि मराठी विश्वकोशाचे स्थळ. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो विश्वकोश आता फुकट वाचता येतो. बेअरिंग म्हणजे काय, ओतकाम कसे करतात, हे मराठीत समजून घ्यायचे असेल तर तेथे जावे. कोशातील काही प्रतिशब्द लाईनवर चालणार नाहीत, तेथे ‘आटे’च म्हणावे लागेल, पण शब्दाचा अर्थ आधी आपल्याला मराठीत कळला, तरच तो दुसऱ्याला सांगता येतो.

उणिवा

हे सर्व चित्र जेवढे चांगले दिसते तेवढे सर्वत्र नाही, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा नियम आहे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. या एका वाक्याचे दोन अर्थ होतात. त्याला शिकविणे हे कारखान्याचे पहिले काम आहे, असा त्याचा खरा अर्थ. परंतु त्याला कामगाराचा पगार आणि कामगाराचे संरक्षण देण्याचे कारण नाही, असा सोयीचा अर्थही काही ठिकाणी काढला जातो. आमच्या गावात खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांपैकी काही जण सांगतात की वर्षभर एकाच जागी एकच भाग उचलून ठेवण्याचे काम केले, प्रमाणपत्र मिळाले आणि पुन्हा नव्या ठेकेदाराच्या दारात उभे राहिलो. ज्या शिक्षणानंतर माणूस होता तेथेच राहतो, त्याला शिक्षण कसे म्हणावे?

प्रशिक्षणाचे मोजमाप कसे करावे, याविषयी डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली चार कसोट्या सांगितल्या. शिकणाऱ्यांना वर्ग कसा वाटला. त्यांना काय समजले. कामावर गेल्यावर त्यांच्या वागण्यात फरक पडला का. आणि त्याचा कामावर परिणाम काय झाला. आपल्याकडे पुष्कळदा यांपैकी एकही कसोटी लावली जात नाही. हजेरीच्या कागदावर किती सह्या झाल्या, एवढेच मोजले जाते. मला या चार कसोट्यांत आणखी एक जोडावीशी वाटते. शिकलेला माणूस ते कौशल्य घेऊन उद्या दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकतो का? कारखान्याला ही कसोटी कदाचित आवडणार नाही. परंतु ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांची गावे सुटली, त्यांच्याजवळ आता हातातील विद्येखेरीज दुसरी इस्टेट नाही. ती विद्या पक्की आहे की कागदावरची, याच्यावर त्यांचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. मी प्रकल्पासाठी केलेले टिपण आईला वाचून दाखविले, तेव्हा ती म्हणाली, “तो कागद मराठीत करायला त्यांना कितीसा वेळ लागला असता?” या प्रश्नाचे उत्तर मी त्या प्रशिक्षक गृहस्थांना विचारले. एका कामाचा कागद नीट पाहून, कामगारांशी बोलून, चित्रांसह मराठीत करायला अनुभवी माणसाला साधारण दोन दिवस लागतात, असे ते म्हणाले. आपल्या महाविद्यालयापासून कारखाने फार दूर नाहीत आणि क्षेत्र प्रकल्प आपल्याला करावेच लागतात. प्राध्यापकांनी मनावर घेतले आणि एखाद्या कारखान्याने दार उघडले, तर पुढील वर्षी आपल्या वर्गातील काही विद्यार्थी हे दोन दिवसांचे काम करू शकतील. माझे नाव त्या यादीत पहिले लिहावे, अशी विनंती आहे.